अपडेट अडकले म्हणून लगेच फॉरमॅट नको

नायगावपासून विरारपर्यंतच्या वस्त्यांत घरगुती संगणक आला तो बहुधा दोन वाटांनी. काहींनी लोकलने ग्रँट रोड गाठले आणि लॅमिंग्टन रोडवरून जुना, वापरलेला संगणक उचलून आणला. काहींच्या घरी तो २०२० च्या टाळेबंदीत आला. शाळा मोबाइलवर भरू लागली, तीन मुलांत एक मोबाइल पुरेना, तेव्हा कुणा नातेवाइकाच्या ऑफिसने काढून टाकलेला लॅपटॉप घेतला गेला. पुढे शाळा वर्गात परतल्या, पण संगणक घरातच राहिला. आता त्यावर अब्बांच्या दुकानाचा हिशेब असतो, मुलीचे प्रोजेक्ट असते, भाईजानच्या निकाहचे फोटो असतात. काही घरांत तर त्याच्या जोरावर महिन्याला चार पैसेही मिळतात.

अशा संगणकावर एक ओळ वारंवार दिसते. काही अपडेट उतरवताना अडचण आली, नंतर पुन्हा प्रयत्न करू, असा तिचा अर्थ. ‘रिट्राय’ दाबले की टक्केवारी थोडी पुढे सरकते आणि पुन्हा तीच ओळ येते. काही दिवसांनी घरातले तिच्याकडे बघणेच सोडून देतात. शाळेत आम्ही भाषा शिकवतो, पण संगणकाच्या खोलीची किल्लीही आमच्याकडेच असते. त्यामुळे पालक भेटले की मुलाच्या गुणांइतकीच या ओळीची चौकशी होते. बहुतेकांना दुरुस्तीवाल्याने एकच इलाज सांगितलेला असतो: फॉरमॅट मारावा लागेल.

आमचे मत विचाराल तर फॉरमॅट हा शेवटचा इलाज आहे, आणि अपडेट अडकण्यासारख्या तक्रारीत त्याची गरज फार क्वचित पडते. पण आधी मुळात प्रश्न असा की अपडेट आले नाही तर बिघडते काय? संगणक तर चालतोच आहे.

१२ मे २०१७ च्या शुक्रवारी ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस सुटला. संगणकातल्या फायली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी पैसे मागायचे, हा त्याचा धंदा. सुमारे दीडशे देशांत दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक बंद पडले. विंडोजमधल्या ज्या भोकातून हा व्हायरस शिरला, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिले होते, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी ते घेतले नव्हते त्यांच्याच दारात तो उभा राहिला. त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलची संगणक यंत्रणा ठप्प झाली. कंटेनरची कामे कागदावर करण्याची वेळ आली.

कुणी म्हणेल, हे बंदराचे आणि रुग्णालयांचे झाले, आमच्या घरात चोरण्यासारखे आहे काय? याचे उत्तर नालासोपारा पश्चिमेच्या एका घरात मिळते. तिथे आमच्या ओळखीच्या एक आपा राहतात. पती गेल्यानंतर त्यांनी घरबसल्या फॉर्म भरून द्यायला सुरुवात केली. शिष्यवृत्तीचे, कॉलेज प्रवेशाचे, हजच्या अर्जाचे, रेशन कार्डात नाव वाढवण्याचे. अर्जामागे ठरलेली रक्कम, आणि गरीब घर असेल तर तीही नाही. साहजिकच गल्लीतल्या पन्नास-साठ कुटुंबांचे आधार कार्ड, बँक पासबुकाचे पहिले पान, पासपोर्ट, उत्पन्नाचे दाखले, सगळे त्यांच्या लॅपटॉपमध्ये नावानिशी ठेवलेले. ही लोकांची अमानत आहे, असे त्या स्वतःच म्हणतात. आणि त्या लॅपटॉपमध्ये आठ महिने एकही अपडेट उतरलेले नव्हते. फॉरमॅट मारायचे तर हे सगळे जाणार, न मारावे तर ते उघड्यावर. त्या अडकल्या होत्या इथे.

अशा वेळी पहिले काम म्हणजे पडद्यावरचा कोड वाचणे. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘विंडोज अपडेट’ उघडा. तिथे ‘अपडेट हिस्टरी’ असते. न उतरलेल्या अपडेटपुढे शून्याने सुरू होणारा लांबलचक कोड दिसतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोड सगळा समजला पाहिजे असे नाही, शेवटची तीन अक्षरे पाहिली तरी बऱ्याचदा भागते. शेवट ०७० असेल तर जागा संपली आहे. ४२२ असेल तर अपडेट आणणारी यंत्रणाच कुणीतरी बंद केली आहे. एफ८एफ असेल तर बहुधा घड्याळ चुकले आहे. ईई२ म्हणजे संगणकाने हाक मारली, पण समोरून वेळेत उत्तर आले नाही, नेट तपासा. डॉक्टरकडे जाताना जुनी फाइल नेतो तसा हा फोटो दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. फोटो न बघताच जो फॉरमॅटची भाषा करतो, त्याच्याकडून संगणक परत घ्यावा.

जागेचा प्रश्न सगळ्यात जास्त घरांत असतो. विंडोज राहते त्या सी ड्राइव्हमध्ये नेहमीच्या अपडेटसाठी काही जीबी, आणि मोठ्या आवृत्तीसाठी पंधरा-वीस जीबी मोकळी लागते. ऑफिसातून आलेल्या पातळ लॅपटॉपमध्ये १२८ जीबीची छोटी डिस्क असते आणि त्यात व्हॉट्सअॅपवरून आलेले लग्नाचे व्हिडिओ कोंबलेले असतात. ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवा, रिसायकल बिन रिकामा करा, ‘डाऊनलोड्स’ चाळा. एकच फॉर्म सात वेळा उतरवलेला असतो, आपांच्या लॅपटॉपमध्ये तर शिष्यवृत्तीची माहितीपत्रके शंभरावर निघाली. नंतर सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’ उघडून ‘टेम्पररी फाइल्स’ काढून टाका. त्या यादीत ‘डाऊनलोड्स’ फोल्डरही असते. त्यातले हवे ते आधी बाजूला काढले नसेल तर त्यावर खूण करू नका, नाहीतर कामाचे कागदही कचऱ्याबरोबर जातील.

घड्याळाची गोष्ट आम्हाला फार गमतीची वाटते. मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर आणि आपला संगणक एकमेकांशी बोलण्याआधी ओळखपत्र तपासतात. त्या ओळखपत्रावर मुदत असते. आपल्या संगणकाला आज २००९ साल आहे असे वाटत असेल तर २०२६ चे ओळखपत्र त्याला खोटे वाटते आणि तो बोलणेच नाकारतो. बँकेची साइटही मग उघडत नाही. साल मागे जाते कशामुळे? टेबलावरच्या संगणकात मदरबोर्डवर एक नाण्याएवढी बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ तिच्यावर चालते. आपल्या घरांत संगणक बंद केला की भिंतीवरचे बटणही बंद करायची रीत आहे. पावसाळ्यात वीज येते-जाते तेव्हा ती शहाणपणाचीच रीत, पण त्यामुळे रात्रभर घड्याळाचा भार त्या छोट्या बॅटरीवर पडतो आणि जुन्या संगणकात ती कधीच संपलेली असते. सीआर २०३२ नावाची ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते, आणि खर्च चहा-नाश्त्याएवढा. ती बदलून तारीख, वेळ आणि भारताचा टाइम झोन बरोबर लावला की कित्येक संगणक त्याच संध्याकाळी अपडेट उतरवू लागतात.

नेटचे गणित मात्र घरातल्या सगळ्यांना समजावून सांगावे लागते. आपल्याकडे पुष्कळ घरांत ब्रॉडबँड नसते, मोबाइलचा हॉटस्पॉट लावला जातो. दिवसाचा दीड-दोन जीबीचा कोटा दुपारपर्यंत रील्समध्ये संपतो आणि त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. सातशे एमबीचे अपडेट या वेगाने उतरवायचे तर सुमारे चोवीस तास लागतील! संगणक बिघडलेला नसतो, बिचारा थेंबाथेंबाने पाणी भरत असतो. यावर उपाय म्हणजे कोटा नवा सुरू झाल्यावर, फजरनंतर घर शांत असताना अपडेट लावून द्यावे. आणखी एक पाहावे. वायफायच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ नावाचे बटण असते. ते चालू असेल तर ‘डेटा मोजून वापरायचा आहे’ असे समजून विंडोज मोठी अपडेट आणतच नाही. डेटा वाचवायला कुणीतरी ते कधीतरी चालू केलेले असते आणि नंतर विसरलेले असते.

मध्येच वीज गेली तर सगळे पहिल्यापासून करावे लागते, ही भीतीही अनेकांना असते. उतरवताना वीज गेली तर काही बिघडत नाही, विंडोज राहिलेल्या जागेपासून पुढे चालू करते. जपायचे ते त्यानंतर. उतरलेले अपडेट बसवले जात असताना पडद्यावर टक्केवारी येते आणि संगणक बंद करू नका असे लिहिलेले असते, तेव्हा वीज गेली तर विंडोज मोडू शकते. लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर चिंता नाही. टेबलावरचा संगणक असेल आणि इन्व्हर्टर नसेल तर जुलैच्या धो धो पावसात ‘रीस्टार्ट’ दाबू नका. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले होते आणि वसईकरांनी अंधारात रात्री काढल्या होत्या, हे आपण विसरलेलो नाही.

इतके करूनही अपडेट हलत नसेल तर सेटिंग्जमधल्या ‘ट्रबलशूट’मध्ये ‘विंडोज अपडेट’साठी तपासणी असते, ती चालवा. पाच-दहा मिनिटे घेते, अर्ध्या वेळेला काही सापडले नाही म्हणते, पण कधीकधी काम करून जाते. तिचाही उपयोग झाला नाही तर अर्धवट उतरलेला तुकडा खराब होऊन अडकला आहे असे समजावे. ते असे काढायचे: शोधपट्टीत ‘सर्व्हिसेस’ लिहा, यादीत ‘विंडोज अपडेट’ आणि ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्स्फर सर्व्हिस’ या दोन ओळी शोधून दोन्ही थांबवा. मग सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज’ फोल्डर, त्यात ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ आणि त्याच्या पोटात ‘डाऊनलोड’. त्या आतल्या ‘डाऊनलोड’मधले सगळे पुसून टाका आणि दोन्ही सेवा पुन्हा सुरू करा. हे विंडोजचे स्वतःचे सामान आहे, तुमचे फोटो किंवा फायली इथे नसतात. संगणक पहिल्यापासून अपडेट मागवायला लागतो.

याच यादीत ‘विंडोज अपडेट’पुढे ‘डिसेबल्ड’ असे लिहिलेले दिसले तर समजावे की घरात न विचारता कुणीतरी निर्णय घेतला आहे. आपांच्या लॅपटॉपमध्ये हेच निघाले. ज्याने तो विकला त्याने विंडोज टाकताना अपडेटचे दार बंद करून ठेवले होते. बिनपरवाना प्रत उघडी पडू नये, गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येऊ नये, म्हणून असे करतात. आम्हाला हा सरळ धोका वाटतो. कारण ॲक्टिव्हेट न केलेल्या विंडोजलाही सुरक्षेची अपडेट मिळतात, म्हणजे दार बंद करून गिऱ्हाइकाचा काहीच फायदा नव्हता. आपांच्या लॅपटॉपमध्ये ती ओळ ‘मॅन्युअल’वर आणली, जागा रिकामी केली आणि सहा-सात तासांत आठ महिन्यांची थकबाकी उतरली. त्याआधी मात्र लोकांचे सगळे कागद बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घेतले. ज्यांची कामे झाली होती त्यांच्या प्रती आपांनी एकेक करून पुसल्या. आधार कार्डाची प्रत काम संपल्यावर ठेवायचीच कशाला, हा त्यांचा प्रश्न आम्हालाही पटला.

कधीकधी दोष आपल्या घरात नसतोच. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चे एक अपडेट जगभरच्या असंख्य संगणकांवर ६४३ ने संपणारा कोड दाखवून परत फिरत होते, कारण डिस्कवर विंडोजने स्वतःसाठी राखलेला कोपरा लहान पडत होता. मायक्रोसॉफ्टने ते मान्यही केले. त्या महिन्यात किती जणांनी विनाकारण फॉरमॅट मारून घेतले असतील! १९ जुलै २०२४ चा निळा पडदाही लोकांच्या डोक्यात बसला आहे. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. तेव्हापासून अपडेट नकोच, असे म्हणणारे भेटतात. पण ती चूक कंपन्या वापरतात त्या एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या फाइलची होती. घरच्या विंडोज अपडेटचा तिच्याशी संबंध नव्हता.

फॉरमॅटला आम्ही इतका विरोध करतो त्याचे एक कारण आमच्या पेशातले आहे. उर्दू शाळांत वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका जुन्या इनपेजमध्ये आहेत आणि मराठीच्या श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये. फॉरमॅट मारला की सॉफ्टवेअर जाते, फाँट जातो, आणि फायली पेन ड्राइव्हवर वाचवल्या तरी उघडल्यावर भलतीच चिन्हे दिसतात. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या टाइप करून देणाऱ्यांचेही हेच होते. ज्यांच्याकडे अशा फायली आहेत त्यांनी संगणक चालू आहे तोवरच त्या हळूहळू युनिकोडमध्ये आणाव्यात. विंडोजमध्ये उर्दू आणि मराठी दोन्ही कीबोर्ड आता मुळातच असतात, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

घरी नेटच नसेल तर पेन ड्राइव्हची सोय आहे. प्रत्येक अपडेटला केबी अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो. ‘मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग’ या त्यांच्याच साइटवर तो नंबर टाकला की फाइल मिळते. ती नेट असलेल्या संगणकावर उतरवून घरी आणायची आणि दोनदा क्लिक करायचे. आपले विंडोज ६४ बिटचे की ३२ बिटचे हे आधी पाहून घ्या. संगणकाची खोली असलेल्या शाळांसाठी त्याहून सोपे आहे. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये ‘लोकल नेटवर्कवरच्या संगणकांकडून घ्या’ हा पर्याय चालू केला की एका संगणकाने आणलेले बाकीचे त्याच्याकडून घेऊ शकतात, आणि महिन्याचा डेटा एका दिवसात उडत नाही.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. विंडोज ७ ची अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबली, ८.१ ची १० जानेवारी २०२३ ला, आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्यामुळे विंडोज १० वर अपडेट येत नसेल तर तो बिघाड नसून मुदत संपलेली असू शकते. यावर मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत दिली आहे. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचे खाते हवे. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर ठेवला तर पैसे पडत नाहीत. ‘विंडोज अपडेट’च्या पानावर नाव नोंदवायची लिंक दिसते. आपांचे नाव आम्ही त्याच दिवशी नोंदवले.

त्यानंतर विंडोज ११ लागेल, आणि ते जुन्या संगणकावर बसत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. ज्यांचा संगणक या अटीत बसत नाही त्यांनी तो भंगारात काढण्याआधी लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून बघावे. फुकट आहे, २ जीबी रॅमवरही चालते, संगणकावर न बसवताही वापरून बघता येते, आणि उर्दू-मराठी दोन्ही लिहिता येते. जुने इनपेज त्यावर सरळ चालणार नाही, आणि घरचा प्रिंटर-स्कॅनर चालतो का ते आधीच तपासून घ्यावे. ज्यांच्या घरी संगणक म्हणजे मुलांचा अभ्यास, पत्रे आणि इंटरनेट एवढेच आहे, त्यांना ते पुरेल.

आणि या सुट्टीत कुणी लॅमिंग्टन रोडला संगणक घ्यायला निघाले असेल तर दुकानदाराला रॅम आणि डिस्क विचाराच, पण प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे हेही विचारा. मग आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून त्याच्यासमोरच ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा. दोन मिनिटे थांबा. टक्केवारी पुढे सरकू लागली की मगच पैसे काढा.